वॉर्सातलं वळिवडे

कोल्हापूरचं नाव वॉर्सा शहरात एका स्मारकावर आहे, ही गोष्ट आमच्या सहलीच्या छापील कार्यक्रमात नव्हती. कार्यक्रमात वॉर्साच्या वाट्याला एकच दिवस होता. सकाळी जुनं शहर आणि राजवाडा, दुपारी वाझिएन्की बागेतला शोपॅंचा पुतळा, संध्याकाळी संस्कृती प्रासादाच्या गच्चीवरून शहरदर्शन आणि मग भारतीय जेवण. दिल्लीहून निघण्याआधीच मी सहल नेणाऱ्या ताईंना फोन केला आणि म्हटलं, दुपारची बाग वगळा, पण वळिवड्याचं स्मारक आणि 'भल्या महाराजां'चा चौक मला बघायचाच आहे. त्यांनी गटात विचारलं. सगळे हो म्हणाले.

आमचा गट बहुतेक दिल्लीकर मराठी लोकांचा. केंद्र सरकारच्या नोकरीत आयुष्य काढलेले आणि त्यांच्या घरचे. कुणी आर. के. पुरमचे, कुणी सरोजिनी नगरचे, काही नोकरी संपल्यावर द्वारकेला आणि नॉयडाला राहायला गेलेले. माझी स्वतःची सगळी नोकरी आर. के. पुरममधल्या वेस्ट ब्लॉकच्या एका कार्यालयात गेली. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागलं. पुढे मुलीला त्याच कॉलनीत क्वार्टर मिळालं म्हणून आजही पत्ता आर. के. पुरमचाच आहे. पोलंडचा दूतावास आमच्यापासून फार लांब नाही, चाणक्यपुरीत शांतिपथावर. बसमधून जाताना तो लाल-पांढरा झेंडा दिसला की मला माझं माहेर आठवायचं. शेजारच्या बाईंना याचं नवल वाटे. माझं माहेर रुकडीचं. मिरजेहून कोल्हापूरकडे जाणाऱ्या गाडीत रुकडीनंतर वळिवडे लागतं, आणि १९४३ ते १९४८ या काळात त्या वळिवड्यात पाच हजारांच्या आसपास पोलिश माणसं राहत होती.

त्या दिवसाची सुरुवात जुन्या शहरातून झाली. झिगमुंट राजाचा स्तंभ, त्यामागे विटकरी रंगाचा राजवाडा, मग अरुंद गल्ल्या आणि रंगीत घरांनी वेढलेला बाजारचौक. आमच्यासोबतची पोलिश मार्गदर्शक मुलगी इंग्रजीत सावकाश, नीट सांगत होती. स्तंभ मूळचा १६४४ चा. पण १९४४ मध्ये जर्मन सैन्यानं तो पाडला आणि १९४९ मध्ये तो पुन्हा उभा राहिला. १ ऑगस्ट १९४४ ला वॉर्साकरांनी जर्मनांविरुद्ध उठाव केला, तो ६३ दिवस चालला. उठाव मोडल्यावर जर्मनांनी शहर ठरवून, घर-घर करत जाळलं आणि सुरुंग लावून उडवलं. युद्ध संपलं तेव्हा शहरातल्या सुमारे ८५ टक्के इमारती पडलेल्या होत्या. जुनं शहर पुन्हा बांधताना जुनी मोजमापं, छायाचित्रं आणि अठराव्या शतकात बेल्लोत्तो या चित्रकारानं काढलेली शहराची चित्रं समोर ठेवली गेली. राजवाडा तर १९७१ नंतर लोकवर्गणीतून बांधायला घेतला आणि १९८४ मध्ये लोकांसाठी उघडला. युनेस्कोनं १९८० मध्ये या जुन्या शहराला जागतिक वारसा यादीत घेतलं ते या पुन्हा बांधण्यासाठीच.

बाजारचौकात उभी असताना माझ्या मनात आर. के. पुरम आलं. आमच्या कॉलनीचे चौकोनी, पिवळट ब्लॉक बहुतेक साठच्या दशकातले. हा चौक पन्नासच्या दशकात पुन्हा उभा राहिलेला. म्हणजे दोन्ही साधारण एकाच पिढीच्या गवंड्यांचं काम. आणि आमच्या सेक्टर ५ मध्ये वझीरपूरचे लोदीकालीन घुमट आणि बावडी आहे, ती या चौकातल्या आजच्या बहुतेक भिंतींहून कित्येक शतकं जुनी. तिथे संध्याकाळी मुलं क्रिकेट खेळतात, बायका स्वेटर विणत बसतात. आम्हाला इतिहास पडूनच मिळालेला आहे, म्हणून आपण त्याकडे बघत नाही. वॉर्सानं तो एकेक वीट मोजून परत मिळवला, म्हणून तिथे शाळेतली पोरंसुद्धा कुठली भिंत कधी पडली ते सांगतात. हा फरक मला त्या दिवसभर टोचत राहिला, आणि वळिवड्याबद्दल विचार करताना तर जास्तच.

जुन्या शहराच्या तटाबाहेर पडलं की फ्रेता रस्ता लागतो. मारी क्यूरी जन्मली ते घर तिथेच आहे. तिथून नव्या शहराच्या चौकातून चालत आम्ही मुरानोव्स्का रस्त्यावर आलो. इथलं स्मारक मी फोटोत पाहिलं होतं, तरी प्रत्यक्ष पाहताना पाय थबकले. रस्त्याच्या मधोमध रेल्वेचे रूळ, रुळांवर एक उघडी मालवाघीण, आणि त्या वाघिणीत दाटीवाटीनं, एकमेकांवर कललेले क्रूस. त्यांत इतर धर्मांच्या खुणाही आहेत. रुळांखालच्या स्लीपरांवर गावांची नावं कोरलेली. पूर्वेकडे मारल्या गेलेल्या आणि हद्दपार झालेल्या माणसांचं हे स्मारक १७ सप्टेंबर १९९५ ला उघडलं. तारीख मुद्दाम निवडलेली आहे. १ सप्टेंबर १९३९ ला जर्मनीनं पश्चिमेकडून पोलंडवर हल्ला केला आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून आत शिरल्या.

वळिवड्याची गोष्ट या वाघिणीपासून सुरू होते. फेब्रुवारी १९४० मध्ये, कडाक्याच्या थंडीत, पूर्व पोलंडमधल्या घरांची दारं रात्री ठोठावली गेली. शेतकरी, वनरक्षक, शिक्षक, पोलीस, पहिल्या महायुद्धानंतर त्या भागात जमिनी मिळालेले माजी सैनिक, आणि त्यांची बायकामुलं. हाताला लागेल ते सामान घेऊन त्यांना अशाच वाघिणींत भरलं आणि सैबेरिया, अर्खांगेल्स्क, कझाकस्तानकडे पाठवलं. एप्रिल आणि जून १९४० मध्ये आणखी दोन लाटा, जून १९४१ मध्ये चौथी. सोव्हिएत कागदपत्रांत या चार लाटांचा आकडा सव्वातीन लाखांच्या आसपास आहे. पोलिश लोकांचे जुने अंदाज याच्या कितीतरी पट आहेत. जंगलतोडीचं काम, मोजून मिळणारा पाव, टायफस. मुलं आणि म्हातारी माणसं आधी गेली.

मग जून १९४१ मध्ये हिटलर सोव्हिएत संघावर उलटला आणि सगळं बदललं. ३० जुलै १९४१ ला लंडनमधलं पोलिश सरकार आणि मॉस्को यांच्यात करार झाला. हद्दपार पोलिश लोकांना मोकळं करायचं आणि सोव्हिएत भूमीवर पोलिश सैन्य उभारायचं असं ठरलं. तुरुंगातून सुटलेले जनरल अँडर्स या सैन्याचे प्रमुख झाले. सैन्य दक्षिणेकडे जमू लागलं तशी माणसं पायी, मालगाड्यांतून, नदीतल्या तराफ्यांवरून त्याच्यामागे आली. १९४२ मध्ये दोन खेपांत या सैन्याला आणि त्याच्या आधारानं आलेल्या नागरिकांना कास्पियन समुद्रातून इराणच्या पहलवी बंदरात उतरवलं. एक लाख पंधरा हजारांहून जास्त माणसं सुटली. सैनिक पुढे इराक, पॅलेस्टाइन, इटली असे लढायला गेले. बायका, मुलं, म्हातारे यांना कुठे ठेवायचं हा प्रश्न उरला. काही पूर्व आफ्रिकेत गेले, काही न्यूझीलंडला, काही मेक्सिकोला. काही भारतात आले: आधी कराचीच्या तात्पुरत्या छावण्यांत, आणि जून १९४३ पासून वळिवड्याला.

मार्गदर्शक मुलीला मी म्हटलं, या वाघिणीतून निघालेली काही माणसं आमच्या गावाशेजारी उतरली. ती म्हणाली, चला, पुढचं स्मारक त्यांच्या भावांचं आणि वडिलांचं आहे.

मुरानोव्स्काहून थोडं दक्षिणेला आलं की क्रासिन्स्की बागेच्या कडेला मोंते कासिनोच्या लढाईचं स्मारक आहे. पंख असलेली, शिर नसलेली पांढरी विजयदेवता. १८ मे १९४४ ला अँडर्स यांच्या दुसऱ्या पोलिश कोअरनं इटलीतल्या त्या टेकडीवरचा मठ घेतला. आधीच्या हल्ल्यांत भारतीय चौथी डिव्हिजन याच टेकडीवर लढून रक्तबंबाळ झाली होती, आणि मे महिन्याच्या शेवटच्या हल्ल्यात भारतीय आठव्या डिव्हिजननं खालची नदी ओलांडली. तिच्यात मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियनही होती. म्हणजे वळिवड्यातल्या बायका ज्यांच्या पत्रांची वाट बघत होत्या ते पुरुष आणि आपल्याकडची मराठा पोरं एकाच डोंगराच्या अंगाखांद्यावर लढत होती. कोल्हापूर-वळिवडे छावणीचं स्मृतिस्थळ नोव्हेंबर २०१७ मध्ये इथेच, या सैनिकांच्या स्मारकापाशी उभारलं. ही जागा मला फार योग्य वाटली. पुरुष वर, आणि त्यांची घरची माणसं ज्या गावानं सांभाळली त्या गावाचं नाव खाली.

आमच्या गटातल्या कुलकर्णी काकूंनी पिशवीतून हळदीकुंकवाची पुडी काढली. मी म्हटलं, "काकू, इथे नको, फूल ठेवू." त्यांनी मान हलवली. रस्त्यापलीकडच्या दुकानातून आणलेले लाल-पांढरे कार्नेशन आम्ही तिथे ठेवले. आजूबाजूनं ट्राम जात होत्या. आमच्यातल्या निम्म्या लोकांनी वळिवडे हे नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. त्यात कोल्हापूर जिल्ह्यातलेच दोघे होते.

तर या छावणीविषयी.

जागा वळिवड्याची निवडली गेली ती हवा मानवण्यासारखी म्हणून, पंचगंगेचं पाणी जवळ म्हणून आणि रेल्वे स्टेशन दारात म्हणून. लांबच लांब बराकी उभ्या राहिल्या. खाली दगडी जोतं, लाकडी सांगाडा, बांबूच्या चटयांच्या भिंती, वर कौलं. एकेका बराकीत अनेक कुटुंबं, प्रत्येकाला खोल्या, स्वयंपाकाला छोटी जागा, पुढे ओसरी. छावणीचे पाच विभाग होते आणि पत्ता म्हणजे विभाग, बराक आणि नंबर. आमच्या कॉलनीत पत्ता सेक्टर, ब्लॉक आणि क्वार्टर नंबरानं सांगतात, अगदी तसाच. बघता बघता तिथे सगळं गाव वसलं. चर्च, दवाखाना, अनाथ मुलांचं वसतिगृह, प्राथमिक शाळा, माध्यमिक शाळा, रंगमंच, स्काउटांची पथकं. स्काउटांचं काम उभं करणाऱ्यांत झ्जिस्वाव पेश्कोव्स्की होते. सोव्हिएत कैदेतून वाचलेला हा तरुण अधिकारी पुढे धर्मगुरू झाला आणि कातीनच्या जंगलात मारल्या गेलेल्या पोलिश अधिकाऱ्यांच्या कुटुंबांचा आधार बनला. तो कोल्हापूरच्या माळावर मुलांना तंबू ठोकायला शिकवत होता, हे आपल्याकडच्या किती शाळांत सांगितलं जातं?

या छावणीची एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. इथे एकत्र भटारखाना नव्हता. कुटुंबांना खर्चाला रोख भत्ता मिळायचा आणि प्रत्येक घरात आपापली चूल पेटायची. त्यामुळे रोजचा बाजार लागायचा, आणि तो बाजार म्हणजे आमच्याकडची माणसं. दूध, अंडी, कोंबड्या, भाजी, सरपण, शिंपी, चांभार, धोबी, टांगेवाले. माझी आजी लग्न होऊन रुकडीत नवीनच आली होती. सासूबरोबर ती अंडी आणि लोणी घेऊन छावणीत जायची. ती सांगायची, "पोलंडच्या बाया लई हुशार. अंडं उजेडाला धरून बघायच्या, मग घ्यायच्या. पन पैका बुडवला न्हाई कुनी." बाजारात बसणाऱ्यांना पोलिश आकडे आणि 'नमस्कार' येऊ लागला, तिकडच्या मुलांना मराठी शिव्यासुद्धा, असं ती हसत सांगायची. तिला एक बाई आठवायची. ती अंड्यांचा हिशोब भिंतीवर कोळशानं मांडायची, आणि तिच्या घरात कोपऱ्यात एक रिकामी खुर्ची असायची, तिच्यावर कुणी बसायचं नाही. आजीनं कधी विचारलं नाही. त्या घरात पुरुष नव्हता एवढं तिला दिसत होतं.

काळ कसला होता, तेही ध्यानात घ्यायला हवं. ७ जून १९४३ ला पुणे-मिरज मार्गावर शेणोलीजवळ क्रांतिकारकांनी सरकारी पगाराची गाडी लुटली. नाना पाटलांचं प्रतिसरकार सातारा जिल्ह्यात मूळ धरत होतं. बंगालमध्ये दुष्काळानं माणसं मरत होती, आपल्याकडे धान्याला रेशन लागलं होतं. अशा महिन्यांत, त्याच मुलखातून, गोऱ्या निर्वासितांच्या गाड्या वळिवड्याला येत होत्या. इंग्रजांवर चिडलेल्या लोकांनी या गोऱ्यांवरही राग काढला असता तर नवल वाटलं नसतं. तसं झालं नाही. हे इंग्रज नव्हेत, यांचं घर कुणीतरी हिसकावून घेतलंय, ही गोष्ट भाजी विकणाऱ्या बाईलाही कळली होती. त्या काळच्या आपल्या लोकांविषयी मला याहून मोठी गोष्ट माहीत नाही.

आता थोडं महाराजांविषयी. दुपारी बस आम्हाला ओखोता भागात घेऊन गेली. तिथल्या एका हिरव्या चौकाला २०१२ मध्ये 'भल्या महाराजांचा चौक' असं नाव दिलं आणि २०१४ मध्ये तिथे स्मारक झालं. हे महाराज म्हणजे नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी. १९४२ मध्ये पोलिश अनाथ मुलांची पहिली तुकडी ट्रकनं निघून इराणमार्गे मुंबईत वांद्र्याला पोहोचली, आणि पुढे जामसाहेबांनी जामनगरजवळ बालाचडीला आपल्या राजवाड्याशेजारी त्यांची सोय केली. शेकडो मुलं तिथे वाढली. वॉर्सातल्या एका नामांकित शाळेनं त्यांचं नाव घेतलं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताचे पंतप्रधान वॉर्साला गेले, १९७९ मध्ये मोरारजी देसाई गेल्यानंतर ४५ वर्षांनी. तेव्हा ते या चौकातही आले आणि कोल्हापूरच्या स्मृतिस्थळालाही. जामसाहेबांविषयी माझ्या मनात निखळ आदर आहे. पण आपल्याकडे भाषणांतून आणि वर्तमानपत्रांतून जामनगरची गोष्टच कोल्हापूरला लावतात, जणू इथेही एका राजानं मुलांना पोटाशी धरलं. ते खरं नाही, आणि खरी गोष्ट त्याहून कमी नाही.

छत्रपती राजाराम महाराज नोव्हेंबर १९४० मध्ये वारले. १९४२ मध्ये दत्तक घेतलेले शिवाजी महाराज वळिवड्याची छावणी सुरू झाली तेव्हा दोन वर्षांचेही नव्हते, आणि सप्टेंबर १९४६ मध्ये तेही गेले. छावणीच्या बहुतेक काळात कोल्हापूरच्या कारभारावर रीजंट म्हणून महाराणी ताराबाई होत्या. म्हणजे ज्या संस्थानात पाच हजार निर्वासित आले, आणि त्यांत बहुतेक बायका आणि मुलं होती, त्या संस्थानाच्या गादीवर तेव्हा एक बाळ होतं आणि जबाबदारी एका बाईवर. बालाचडी देणग्यांवर आणि एका राजाच्या मायेवर चालली. वळिवडे भारत सरकारनं उभारलं, खर्च लंडनच्या पोलिश सरकारच्या खात्यावर पडला, जमीन आणि परवानगी संस्थानाची होती, आणि रोजचं जगणं आसपासच्या गावांनी पेललं. राजघराण्याला त्याचं श्रेय द्यावंच, आणि ताराबाईंचं नाव घेऊन द्यावं. पण अंड्या-लोण्याच्या टोपल्या घेऊन जाणाऱ्या बायकांचं नावही घ्यावं. दिल्लीत राष्ट्रीय अभिलेखागारात पोलिश निर्वासितांच्या सरकारी फायली आहेत. त्यांत तरतुदी, खर्च, परवाने सगळं सापडतं. अंडी विकणारी बाई मात्र सापडत नाही.

युद्ध संपलं, पण वळिवड्यातल्या लोकांचं संकट संपलं नाही. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला मोठ्या राष्ट्रांनी पोलंडची पूर्व सीमा सरकवली. ज्या गावांतून हे लोक उचलले गेले ती गावं आता सोव्हिएत संघात होती. जुलैमध्ये ब्रिटन आणि अमेरिकेनं लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. परतायचं कुठे? काही थोडे पोलंडला गेले. १९४६ मध्ये बालाचडी बंद झाल्यावर तिथली मुलंही वळिवड्याला आली. ज्यांचे पुरुष अँडर्सच्या सैन्यात होते त्या कुटुंबांना ब्रिटननं घ्यायचं ठरवलं आणि १९४७-४८ मध्ये बहुतेक माणसं तिकडे गेली; काही ऑस्ट्रेलियाला, काही आफ्रिकेतल्या छावण्यांत. एखाद-दुसरी मुलगी कोल्हापुरातच लग्न करून राहिली. काही माणसं कोल्हापूरच्या ख्रिश्चन दफनभूमीत राहिली.

आणि मग, बराकी रिकाम्या होत असतानाच, फाळणीत सिंधमधून निघालेली कुटुंबं तिथे आली. आज त्या जागेला गांधीनगर म्हणतात. कोल्हापूरच्या लग्नाचा बस्ता जिथे बांधतात तो कापडबाजार म्हणजे ही जुनी पोलिश छावणी. आम्हा दिल्लीकरांना हे लगेच समजतं. लाजपत नगर, राजेंद्र नगर याच काळात, याच दुःखातून वसली. पण एकाच जागेवर घर गेलेली दोन राष्ट्रांची माणसं एकामागून एक उतरली, अशी जागा दिल्लीतही मला माहीत नाही. कराचीमार्गे वळिवड्याला पोलिश आले, आणि त्यांच्या पाठोपाठ ज्या प्रांताचं कराची, त्या प्रांताचेच लोक आले.

ओखोताहून बस मध्य वॉर्साकडे वळली तेव्हा उन्हं उतरली होती. संस्कृती प्रासाद २३७ मीटर उंच. स्टालिनच्या काळातली सोव्हिएत भेट, १९५५ मध्ये पूर्ण झालेली. तिसाव्या मजल्यावरच्या गच्चीवरून शहर चौफेर दिसतं, आणि शेजारी २०२२ चा वार्सो मनोरा, युरोपीय संघातली सगळ्यात उंच इमारत, ३१० मीटर. काचेचे मनोरे, खाली मेट्रो, रुंद रस्ते. ते सगळं छान आहे, फोटोही खूप काढले आम्ही. मी मात्र उत्तरेला बघत क्रासिन्स्की बागेचा हिरवा ठिपका शोधत होते. जोशी काका शेजारी येऊन म्हणाले, "ताई, आम्ही चाळीस वर्षं दिल्लीत. कोल्हापूरला दरवर्षी जातो. गांधीनगरातून मुलीच्या लग्नाचे शालू आणले. कुणी एक शब्द सांगितला नाही बघा." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, हळहळ होती.

कोल्हापुरात काहीच नाही असं नाही. महावीर उद्यानात १९९८ मध्ये भारतात राहिलेल्या पोलिश लोकांच्या संघटनेनं उभारलेलं स्मारक आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये पोलंडचे उपपरराष्ट्रमंत्री आले, लहानपणी छावणीत राहिलेले म्हातारे-म्हाताऱ्या आल्या, वळिवड्यात स्तंभ उभा राहिला, संग्रहालयाची घोषणा झाली. त्या पाहुण्यांना आमच्या लोकांनी फेटे बांधले, तांबडा-पांढरा रस्सा वाढला. पोलिश बाजूनं तर किती लिहिलं गेलं: आठवणींचे जाडजूड ग्रंथ, छायाचित्रं, शाळेचे दाखले, स्काउटांच्या वह्या. त्यांना आमचा टांगा आठवतो, आमचा आंबा आठवतो, पावसाळ्यात कौलांवरचा आवाज आठवतो. आपल्या बाजूनं काय आहे? माझ्या आजीच्या दोन-चार वाक्यांसारखी वाक्यं, आणि ती सांगणारी माणसं आता फारशी उरली नाहीत. १९४५ मध्ये दहा वर्षांचं असलेलं पोर आज नव्वदीत आहे.

म्हणून दोन विनंत्या. पोलंडला जाणाऱ्या मराठी सहलींनी वॉर्साच्या दिवसात क्रासिन्स्की बाग घालून घ्यावी. जुन्या शहरापासून ती चालत जाण्याइतकी जवळ आहे आणि तिकीट लागत नाही. आणि वळिवडे, रुकडी, चिंचवाड, गडमुडशिंगी, गांधीनगर, कोल्हापूर शहर, यांपैकी कुठेही तुमचं घर असेल, तर घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाजवळ या आठवड्यात बसा. छावणीत कोण जात होतं, काय विकत होतं, कुणाशी ओळख होती, ते विचारा. नाव, गाव, साल घालून लिहा आणि एक प्रत गावच्या शाळेत द्या. जुना फोटो, पोलिश नाणं, पेटी, भरतकाम काही निघालं तर भंगारात देऊ नका.